हनुवटीवरची माशी

कलावती परब यांना ज्याने ज्याने पहिल्यांदा पाहिलं, त्याने त्याने हात पुढे करून त्यांच्या हनुवटीवरची माशी उडवायचा प्रयत्न केला. मी केला. आमच्या इमारतीच्या वॉचमनने केला. मस्कतच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या ओमानी मुलीनेसुद्धा काचेआडून बोट हलवून केला. माशी उडाली नाही, कारण ती माशी नव्हती. ते गोंदण होतं.

काकूंचं माहेर देवगडच्या बाजूचं. सहा-सात वर्षांच्या असताना गावात गोंदणारीण आली आणि वाडीतल्या सगळ्या पोरींना ओळीने बसवलं. हनुवटीवर तीन ठिपके काढायचे होते, शोभेचे. चार बायकांनी हात, पाय, डोकं धरलं. दोन ठिपके झाले, तिसऱ्याला काकूंनी मान झटकली आणि सुई घसरली. काजळी पसरली, तिन्ही ठिपके एकमेकांत गेले, वर दोन-चार बारीक रेघा उमटल्या, आणि पंख मिटून बसलेली एक ठसठशीत माशी तयार झाली. गोंदणारणीने आपले तांदूळ पदरात घेतले, पोरीला शोभून दिसतं म्हणाली आणि पुढच्या वाडीला गेली.

त्यानंतर काकूंचं अख्खं आयुष्य लोकांचे हात चुकवण्यात गेलं. शाळेत नाव पडलं माशी. बघायला आलेल्या पाहुण्यांत मुलाच्या काकांनी चहा पिता पिता त्यांच्या तोंडासमोर वर्तमानपत्र हलवलं. लग्न तरीही जमलं. नवरा भिकाजी परब एसटीत कंडक्टर. पहिल्या रात्री त्यांनीही माशी उडवायला हात नेला, आणि खरा प्रकार कळल्यावर म्हणाले, "बरां झालां, ही उडान जावची नाय." हे सांगताना काकू सत्तरीतही लाजायच्या.

भिकाजी गेले आणि वर्षभरात धनंजयने, म्हणजे मुलाने, आईला ओमानला आणलं. धनंजय एका तेलाच्या कंत्राटदार कंपनीत, मस्कतजवळ सीबला चांगला तीन खोल्यांचा फ्लॅट, मी त्यांच्या वरच्या मजल्यावर. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे काकूंना घरच्या भाषेत बोलायला धनंजय सोडला तर अख्ख्या इमारतीत मी एकटी. संध्याकाळी आम्ही सीबच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, मासळी बघायला जायचो. घ्यायची गरज असो-नसो, काकूंना कल्ले उघडून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. तिथे एक म्हातारी बलुची बाई लिंबं विकायची. तिच्या कपाळावर आणि गालांवर निळे ठिपके होते. काकूंची माशी उडवायला जिने हात पुढे केला नाही अशी ओमानमधली ती एकटीच. दोघी एकमेकींकडे बघून मान हलवायच्या आणि काकू नको असलेली लिंबं घेऊन घरी यायच्या.

आता सूनबाई. विशाखा मूळची ठाण्याची, कामाला वाघ, आणि सीब मराठी स्नेहमंडळाची सांस्कृतिक प्रमुख. मीही मंडळात आहे, पण खाद्यसमितीत. आमच्यात भेद असा की संस्कृती ती ठरवते आणि वडे मी तळते. विशाखा वाईट नाही. सासूला औषधं वेळेवर द्यायची, पाय चेपायची. फक्त फोटो काढताना सासूबाईंच्या हनुवटीपुढे नेमकं कुणाचं तरी डोकं किंवा फुलांचा गुच्छ यायचा. या सगळ्याच्या आदल्या वर्षी मंडळाच्या हळदीकुंकवाला काकू हौसेने नेसून आल्या, तेव्हा त्या विधवा असल्याचं भान विशाखाला ऐन दारात आलं. तुम्ही आत आराम करा आई, बाहेर फार गर्दी आहे, असं म्हणून तिने त्यांना माझ्या वड्यांपाशी बसवलं. काकूंनी त्या दिवशी दोन किलो बटाटे सोलले. मला मदत झाली, पण डोकं भणाणलं.

काकूंची एकच इच्छा होती आणि ती त्यांनी मस्कतला आल्यावर पहिल्या महिन्यातच सांगितली. टीव्हीवर डाग घालवायच्या मशीनची जाहिरात लागली होती. त्या मला म्हणाल्या, "मरच्या आधी एकदा माका माझां तोंड कोरां बघूचां आसा." नवरा होता तोवर चाललं, आता प्रत्येक नव्या माणसाला सांगत बसायचा कंटाळा आलाय, असंही म्हणाल्या. सत्तर वर्षांत त्यांनी आणखी काही मागितल्याचं निदान मला तरी माहीत नाही.

विशाखाला हे कळलं तेव्हा तिला कोण आनंद झाला. आई किती मॉडर्न आहेत, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. रुवीतल्या एका त्वचेच्या क्लिनिकमध्ये नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गावठी काजळी आहे, चार-पाच बैठकांत जाईल. जानेवारीतली तारीख मिळाली. काकू कॅलेंडरसमोर उभ्या राहून रोज ती तारीख बघायच्या.

आणि मग डिसेंबरात धनंजयच्या कंपनीत मेरे आली.

मेरे ही न्यूझीलंडची माओरी बाई. पन्नाशीची, उंचीपुरी, सुरक्षा आणि प्रशिक्षण विभागाची मुख्य, म्हणजे धनंजयची साहेबीण. मेरे हे तिचं नावच. पण हिंदी बोलणाऱ्या आपल्या माणसांत या नावाने धमाल उडवली. धनंजय फोनवर "मेरे मॅडम आ रहे है" म्हणाला की समोरचा विचारायचा, तुम्हारे कौन? तर या मेरेच्या खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत हिरवट काळ्या, वळणदार, देखण्या रेघा गोंदलेल्या होत्या. कंपनीच्या जेवणात विशाखाने त्या पाहिल्या. गाडीत बसल्या बसल्या मोबाइल काढला, आणि सीब येईपर्यंत तिला सगळं ठाऊक झालं होतं. त्याला मोको काउआए म्हणतात, ती त्या घराण्याची वंशावळ असते, गोऱ्यांच्या राज्यात ही चाल बुडत आली होती आणि आता माओरी बायका ती मानाने परत घेताहेत. हे सगळं खरंच होतं. विशाखाची माहिती कधी चूक नसते. ती लावायची कुठे, एवढंच चुकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साखर मागायला गेले, तर विशाखा काकूंची हनुवटी हातात धरून, वांगं उलटसुलट करून बघावं तशी उजेडात फिरवून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं हे आपल्या घरात होतं आणि आपल्याला दिसलं नाही, असं ती मला म्हणाली. मला तर ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. दुपारपर्यंत क्लिनिकला फोन गेला. तारीख रद्द, खलास.

काकूंनी भीत भीत तारखेचं विचारलं, तेव्हा विशाखा म्हणाली, "आई, हा वारसा आहे. तो पुसायचा नसतो." धनंजयने मान डोलावली. काकू संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "वारसा म्हणजे सातबाऱ्यार नाव लागतां ता मां? मगे माझी हनवटी ह्येंनी कोणाच्या नावार चढवल्यानी?" मी हसले. त्या हसल्या नाहीत, कॅलेंडरवर तारखेभोवती केलेली पेनाची खूण कशी निघेल तेवढं विचारलं.

त्या वर्षीच्या तिळगूळ समारंभाचं नाव विशाखाने ठेवलं 'मुळांकडे'. पाहुणी मेरे, सत्कारमूर्ती कलावती परब. ज्या बाईला आदल्या वर्षी बटाट्यांपाशी बसवलं, तिची खुर्ची या वर्षी स्टेजवर मधोमध. हळदीकुंकू विधवेला लावावं की नाही यावर समितीची बैठक झाली आणि 'वारसा' या सदरात लावायला हरकत नाही असा ठराव पास झाला. काकूंना यातलं काही कळवायची कुणाला गरज वाटली नाही.

मेरेला निरोप गेला की कृपया तुमच्या पारंपरिक पोशाखात या. तिचं उत्तर आलं की घराण्याचा पिसांचा झगा मावशीकडे असतो, तो मयताला, मोठ्या मानाला बाहेर निघतो, खाण्यापिण्याच्या कार्यक्रमासाठी विमानात बसत नाही. मी ऑफिसला जाते त्याच कपड्यांत येईन. तुमच्यातले सगळे पारंपरिक पोशाखात येणार आहेत का, असंही तिने विचारलं होतं. विशाखाने अभिमानाने हो कळवलं. आणि खरंच सगळे आले. पुरुष इलॅस्टिकच्या तयार फेट्यांत, बायका शिवलेल्या नऊवारीत, जिला मागून चेन असते. आमच्यातल्या निम्म्या जणींच्या आज्या शेतात गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून चिखलात उभ्या राहत, पण त्या वेषात कुणी आलं नव्हतं. नथी मात्र इतक्या मोठ्या होत्या की तिळगूळ तोंडात घालायला वाट उरली नव्हती.

मेरे काळा कोट, काळी विजार घालून आली. गळ्यात हिरव्या दगडाचा एक लोलक. समितीचं तोंड उतरलं. तिला निदान एक फेटा तरी बांधू का, असं कुणीतरी मला विचारलं. मी वडे वळत राहिले.

पाहुणीच्या सन्मानार्थ मंडळाच्या पुरुषांनी हाका बसवला होता. म्हणजे तो मांड्यांवर हात आपटत, जिभा बाहेर काढून करायचा माओरी नाच. खजिनदार जनार्दन सावंत म्होरके. निझवाला जाऊन त्यांनी खजुराच्या पात्यांच्या पट्ट्या आणल्या होत्या, त्यांचे घागरे करून ट्रॅकपँटवर बांधले. तोंडावर भुवयांच्या पेन्सिलीने नक्षी. इंटरनेटवर पहिलं जे चित्र मिळालं ते विशाखाने दिलं आणि सावंतांच्या बायकोने हुबेहूब उतरवलं. यल्ला म्हणून सावंतांनी आरोळी दिली, बारा अकाउंटंट आणि इंजिनियर एकदम खाली बसले, तीन घागरे सुटले. टाळ्या पडल्या. मेरे सावंतांच्या हनुवटीकडे बराच वेळ बघत होती. मग तिने शांतपणे पाणी प्यायलं आणि त्यांना बाजूला बोलावून सांगितलं की ही नक्षी बायकांची आहे, आणि ती कुणाच्या तरी खऱ्या आजीची आहे. सावंत तोंड धुवायला पळाले. पेन्सिल वॉटरप्रूफ होती. रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ते ऑफिसला आजीसकट गेले.

मग काकूंचा सत्कार. शाल, नारळ, आणि हळदीकुंकू लावताना पाच जणींचे मोबाइल. विशाखाने माइकवरून सांगितलं की या गोंदणात आपल्या आयाबायांची हजारो वर्षांची ओळख आहे, आणि काकूंनी त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगावा. मेरेसाठी इंग्रजी करायला धनंजय उभा होता.

काकूंनी माइक दोन्ही हातांनी धरला. "मी ल्हान होतंय," त्या म्हणाल्या. "चौघींनी माका धरलेली. मी तोंड हलयलंय नि सगळां फिसकाटलां. तेवापासना माशी बसली ती बसली. आता काढूची होती, तर काढूक देनत नाय."

सभागृहात अर्धे लोक मालवणी समजणारे होते. ते चुळबुळले. धनंजयने घसा खाकरला आणि तो इंग्रजीत म्हणाला की कोवळ्या वयात घरातल्या चार वडीलधाऱ्या स्त्रियांच्या आशीर्वादाने आईने हे चिन्ह धारण केलं, त्यात मधमाशीची आकृती आहे, मधमाशी म्हणजे उद्योग आणि निसर्ग, आणि आईला ते जन्मभर जपायचं आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाटलं हातातला झारा फेकून मारावा. पण बोलता बोलता काकूंनी हनुवटीवरून एक हात झटकला होता, माशी उडवावी तसा, आणि मेरेने तो हात पाहिला होता. मधमाशीला कुणी असं उडवत नाही.

कार्यक्रम संपल्यावर मेरे सरळ माझ्या टेबलाशी आली. मागे काकू होत्याच, त्यांना वड्यांची संगत सवयीची. त्या नेमकं काय म्हणाल्या, असं मेरेने मला विचारलं. धनंजय लांब होता, म्हणून मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, रद्द झालेल्या तारखेसकट. माशी ऐकून मेरे मोठ्याने हसली, ती हसली म्हणून काकू हसल्या.

काकूंनी बोटाने तिच्या हनुवटीकडे दाखवलं आणि दुखलं का विचारलं. मेरे म्हणाली, खूप. तिची आजी शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून छड्या खायची, त्या भीतीने आजीने आणि आईनेही गोंदून घेतलं नाही. मेरेने पंचेचाळिशीत ठरवलं. आधी मावश्यांना विचारायला गेली, त्यांनी तिला वर्षभर थांबवलं, आणि घेतलं त्या दिवशी सगळं घर भोवती बसून गात होतं. मी हे मालवणीत करून सांगत होते आणि काकू वड्याचा घास हातात तसाच धरून ऐकत होत्या.

"तुका कोणी धरूक नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मेरे म्हणाली. "मी स्वतः जाऊन आडवी झाले."

काकूंनी घास खाली ठेवला आणि उजव्या हाताची पोलक्याची लांब बाही कोपरापर्यंत वर ओढली. आत मनगटाच्या वर एक तुळशीवृंदावन होतं, रेघ न् रेघ सरळ, शेजारी माहेरचं नाव, सुंदरा. मुलगा झाल्यावर त्यांनी त्याच गोंदणारणीला स्वतः हाक मारून बोलावलं होतं आणि हात पुढे केला होता. आमच्याकडे म्हणतात की सोनंनाणं इथेच राहतं, माणसाबरोबर वर जातं ते फक्त गोंदण. काकू त्या वृंदावनावरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "ह्यां माझां. ह्यां मी मागान घेतलंय. वर जातानाव ह्यांच माझ्यावांगडा येतलां. माशी कित्याक व्हयी थंय?"

मी ते मेरेला सांगितलं. वारसा वारसा म्हणून नाचणाऱ्यांपैकी एकानेही आजवर त्या बाईची बाही वर करून पाहिली नव्हती, आणि मी शेजारीण असून मीही पाहिली नव्हती. मेरेने काकूंचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि आपलं कपाळ आणि नाक काकूंच्या कपाळा-नाकाला टेकवलं. त्यांच्यात तसा नमस्कार करतात. काकूंच्या कपाळावरचं हळदीकुंकू तिच्या कपाळाला लागलं, ते तिने पुसलं नाही.

रविवारी ऑफिसात मेरेने धनंजयला एकच प्रश्न विचारला, तुझ्या आईची तारीख कधीची होती? धनंजय इन्शाल्ला म्हणाला आणि कॉरिडॉरमधूनच क्लिनिकला फोन लावला. त्याच्या वर्षाच्या कामाचा अहवाल ती लिहिणार होती, हे सांगायला नकोच. संध्याकाळी घरात वारा फिरला. आईच्या शरीरावर आईचा हक्क, असं धनंजय मला जिन्यात थांबवून समजावून सांगत होता. विशाखाने फेसबुकवर लिहिलं की माझ्या सासूबाईंनी घेतलेला धाडसी निर्णय आणि मी त्यांच्या पाठीशी ठाम उभी. शेकडो लोकांनी तिचं कौतुक केलं. हा निर्णय काकूंनी केव्हाच घेतला होता आणि मध्ये आडवं कोण आलं होतं, हे लिहायला बहुधा जागा पुरली नसावी.

चार-पाच बैठका झाल्या. मे सरता सरता माशी गेली. जागा थोडी फिकट राहिली, एवढंच. शेवटची पट्टी काढायच्या दिवशी काकूंनी मला खाली बोलावलं आणि हातात आरसा घेऊन गॅलरीत बसल्या. बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं रडतील. "हनवटी बारीक आसा गो माझी," त्या म्हणाल्या. "माका आपली मोठी वाटा होती." मग आरसा मांडीवर पालथा ठेवला. "ह्यांनी बघूक होयां होतां." भिकाजी परबांना मी कधी पाहिलं नाही, पण त्या क्षणी ते तिथे असायला हवे होते असं मलाही मनापासून वाटलं.

यावरच हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत विशाखा भारतात गेली. मेरेचं उदाहरण तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. सासूबाईंनी सोडलेला वारसा आता कुणीतरी पुढे न्यायला हवा, आणि तो स्वतःच्या इच्छेने, कुणी न धरता, हा धडा तिने बरोबर घेतला होता. पुण्यातल्या एका महागड्या स्टुडिओत ती स्वतः जाऊन आडवी झाली. कारागिराला नमुना म्हणून सासूबाईंच्या हनुवटीचा सत्कारातला मोठा केलेला फोटो दिला. कारागीर कसबी असणार, त्याने एक रेघ सोडली नाही. पसरलेली काजळी, घसरलेली सुई, मिटलेले पंख, सगळं उतरवलं.

गणपतीत परतली ती विमानतळावरून थेट मंडळाच्या आरतीला, आणि घरच्यांसकट सगळ्यांसमोर प्रथमच आली. भोवती नव्या सभासद बायका जमल्या होत्या. हे अस्सल मालवणी डिझाइन आहे, प्रत्येक रेघेला अर्थ आहे, असं विशाखा त्यांना सांगत होती. कोऱ्या हनुवटीच्या कलावतीकाकू प्रसादाचं ताट घेऊन तिच्यासमोर आल्या आणि थबकल्या. दिव्याच्या उजेडात त्यांनी डोळे बारीक केले, ताट माझ्या हातात दिलं, आणि हात पुढे केला.

"विशाखा, हलू नको गो," त्या म्हणाल्या. "हनवटीर माशी बसली हा."